शिधापत्रिका : आपला हक्क आणि आपली अमानत





पवित्र कुरआनातील सूरह यूसुफमध्ये दुष्काळाचा आणि धान्यवाटपाचा वृत्तान्त आला आहे. मिस्रच्या राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना ह. यूसुफ (अलै.) यांनी सात वर्षे सुबत्तेची आणि त्यापुढील सात वर्षे टंचाईची येतील असे सांगितले. धान्य कणसातच राखून ठेवण्याचा सल्ला दिला. पुढे देशाच्या कोठारांची जबाबदारी त्यांनी स्वतःहून मागून घेतली. ती मागताना त्यांनी आपल्या वंशाचा दाखला दिला नाही. दोनच गुण सांगितले. एक, आपण 'हफीझ' म्हणजे राखणदार आहोत. दुसरा, आपण 'अलीम' म्हणजे जाणकार आहोत (आयत 55). पुढे कनानहून त्यांचे भाऊ धान्यासाठी आले, तेव्हा त्यांना माप पूर्ण भरून मिळाले (आयत 59). धाकटा भाऊ सोबत आला तर एका उंटाचा बोजा अधिक मिळेल, अशी त्यांची अपेक्षाही कुरआनात नोंदली गेली आहे (आयत 65). म्हणजे वाटप माणसे मोजून होत होते.

भुकेल्याच्या ताटापर्यंत धान्य पोहोचायचे असेल तर राखणदारी आणि जाणकारी हे दोन गुण लागतात. कोठाराच्या अधिकाऱ्याला ते हवेतच. पण ज्याच्या हाती शिधापत्रिका आहे, त्यालाही हवेत. या लेखात याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

खलिफांच्या काळातील शिधा

हिजरी सन 18 मध्ये हिजाजवर भीषण अवर्षण आले. इतिहासात ते वर्ष 'आमुर्रमादा' म्हणजे राखेचे वर्ष म्हणून ओळखले जाते. ह. उमर (रजि.) यांनी मिस्र आणि शाम येथील आपल्या अधिकाऱ्यांकडून धान्य मागविले. लोकांना पोटभर मिळेपर्यंत त्यांनी स्वतः तूप आणि मांस वर्ज्य केले. त्यांनीच एका माणसाला महिन्याला किती धान्य पुरते हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी मोजून पीठ मळवले, भाकरी करविल्या आणि काही लोकांना दोन वेळा जेवू घातले. त्यावरून माणशी दरमहा दोन जरीब असे प्रमाण ठरले, आणि ते स्त्री, पुरुष व गुलाम यांना सारखेच लागू झाले. अंदाजाने वा मर्जीने वाटप न करता मोजून, नोंदवून वाटप करणे ही आपल्या खलिफांची परंपरा आहे.

याच परंपरेतील आणखी एक प्रसंग इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुवत्ता'मध्ये आढळतो. मदीनेजवळच्या जार बंदरात आलेल्या धान्यासाठी लोकांना चिठ्ठ्या दिल्या जात. मरवान यांच्या कारकिर्दीत धान्य हाती पडण्यापूर्वीच लोक त्या चिठ्ठ्यांची खरेदी-विक्री करू लागले. ह. जैद बिन साबित (रजि.) यांनी मरवान यांच्याकडे जाऊन याला उघड हरकत घेतली. तेव्हा शिपाई पाठवून त्या चिठ्ठ्या व्यापाऱ्यांच्या हातून काढून मूळ मालकांना परत देण्यात आल्या. शिध्याची चिठ्ठी व्यापाऱ्याच्या खिशात जाता कामा नये, हा निर्णय तेरा शतकांपूर्वीचा आहे. आपली शिधापत्रिका उधारीपोटी किराणा दुकानात ठेवणाऱ्यांनी, किंवा 'राहू द्या इथेच' म्हणून ती दुकानदाराकडेच सोडून येणाऱ्यांनी यावर विचार करावा. धान्य दिल्यावर शिधापत्रिका स्वतःजवळ ठेवून घेण्याची दुकानदाराला आजच्या नियमानेही मुभा नाही.

ही खैरात नव्हे

मराठवाड्याला टंचाई नवी नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून सुकडी खाल्लेली आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढलेली माणसे नांदेड-लातूरच्या गावागावांत अजून आहेत. त्यांच्या नातवंडांच्या पिढीला मात्र कायद्याचा आधार आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 साली झाला आणि महाराष्ट्रात तो फेब्रुवारी 2014 पासून लागू आहे. या कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा 35 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. नांदेड आणि लातूरसह शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना 2015 पासून सवलतीचे धान्य मिळत असे. 2023 पासून त्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये, आणि पुढे 170 रुपये, कुटुंबप्रमुख महिलेच्या बँक खात्यात जमा करण्याचे ठरले. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील ज्येष्ठ स्त्रीचे नाव असावे, असे हाच कायदा सांगतो.

आपल्यातील काही प्रतिष्ठित पण गरजू घरे 'कंट्रोलचे धान्य' म्हणून याकडे संकोचाने पाहतात. सूरह बकरामध्ये अल्लाहने अशा लोकांचा उल्लेख केला आहे, जे हात पसरत नाहीत म्हणून अजाण माणूस त्यांना सधन समजतो (आयत 273). त्यांचा स्वाभिमान अल्लाहला प्रिय आहे. परंतु कायद्याने ठरवून दिलेला हिस्सा घेणे म्हणजे हात पसरणे नव्हे. मुलांना अर्धपोटी ठेवून हक्क सोडणे हा तवक्कुलही नव्हे.

तपासणे म्हणजे संशय घेणे नव्हे

'दुकानदार ओळखीचा आहे, पावती कशाला मागायची?' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह बकरा, 282) देण्याघेण्याच्या नोंदीविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका, अशी तिची शिकवण आहे. नोंद केल्याने साक्ष पक्की राहते आणि मनात शंका उरत नाही. परस्परांवर विश्वास असणाऱ्या श्रद्धावंतांनाच हा आदेश आहे. तेव्हा पावती मागणे हा दुकानदाराचा अपमान नाही. उलट त्यामुळे प्रामाणिक दुकानदाराचे रक्षणच होते.

दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवताच कुटुंबाला देय असलेले धान्य दिसते आणि पावती छापून येते. पावतीवरील किलो आणि पिशवीतील किलो जुळतात का, हे तेथेच पाहावे. शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक ज्याला माहीत आहे, त्याला शासनाच्या संकेतस्थळावर किंवा 'मेरा राशन' या मोबाइल अ‍ॅपवर आपल्या कुटुंबात कोणाची नावे आहेत आणि कोणत्या महिन्यात किती धान्य उचलले गेले, हे घरबसल्या पाहता येते. घरातील दहावी शिकलेली मुलगी हे काम पाच मिनिटांत करू शकते. महिन्यातून एकदा तिने ते करावे आणि आजीला वाचून दाखवावे.

अंगठ्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. 'आज अंगठा देऊन जा, धान्य नंतर ने' असे म्हटले जाते आणि आपण अंगठा देऊन येतो. यंत्रावरचा अंगठा ही साक्ष आहे. 'मला इतके किलो मिळाले' अशी ती शहादत आहे. जे मिळाले नाही ते मिळाल्याची साक्ष देणे हे खोट्या साक्षीत मोडते, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खोट्या साक्षीची गणना महापापांत केली आहे. म्हणून धान्य समोर मोजले जात असेल तेव्हाच अंगठा द्यावा.

नावांचा घोळ

आपल्या घरांत आणखी एक अडचण वारंवार येते. एकाच स्त्रीचे नाव शिधापत्रिकेवर 'बी' लावून, आधारकार्डावर 'बेगम' लावून आणि बँकेत नुसतेच लिहिलेले असते. 'शेख' आणि 'सय्यद' कुठे आधी येतात, कुठे नंतर, कुठे गाळलेच जातात. इंग्रजी अक्षरे तर प्रत्येक कागदावर वेगळी असतात. शासनाने प्रत्येक लाभार्थ्याचे ई-केवायसी, म्हणजे आधारशी ओळख जुळवणे, आवश्यक केले आहे. नावांचा हा घोळ तेथे आडवा येतो. म्हणून आधी आधारकार्ड आणि शिधापत्रिका शेजारी ठेवून प्रत्येक नाव अक्षर लावून पाहावे. पाच वर्षांची झालेली आणि पंधरा वर्षांची झालेली मुले आधार केंद्रावर नेऊन त्यांचे ठसे अद्ययावत करावेत. लातूरच्या आडत बाजारात आयुष्यभर हमाली केलेल्या वृद्धांच्या बोटांचे ठसे पुष्कळदा उमटत नाहीत. त्यांनी निराश होऊ नये. चेहरा दाखवून ओळख पटविण्याची सोय असलेले अ‍ॅप उपलब्ध आहे.

मुखेड-कंधारच्या डोंगराळ भागातून ऊसतोडीला गेलेली किंवा देगलूर-बिलोलीहून हैदराबादला मजुरीस गेलेली कुटुंबे समजतात की गाव सुटले म्हणजे रेशनही सुटले. तसे नाही. 'एक देश एक शिधापत्रिका' या व्यवस्थेमुळे जेथे असाल तेथील रास्त भाव दुकानातून धान्य उचलता येते. काही जण गावी आणि काही बाहेर असतील तर आपापला हिस्सा वेगवेगळ्या ठिकाणीही घेता येतो.

आपल्या यादीतील मृत माणसे

येथवर हक्काविषयी बोललो, म्हणजे जाणकारीविषयी. आता राखणदारीकडे वळू या, कारण हा भाग मनाला अधिक टोचणारा आहे.

महाराष्ट्रासाठी लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरलेली आहे. ती सुमारे सात कोटी आहे. तिला इष्टांक म्हणतात. हा इष्टांक भरला की नवे नाव घेता येत नाही. कोणीतरी बाहेर पडावे तेव्हा कोणीतरी आत येते. आता विचार करा. अब्बांचे निधन होऊन चार वर्षे झाली, तरी त्यांचे नाव तसेच आहे. लेक निकाह होऊन उदगीरला गेली, तिचे नाव माहेरीच आहे. मुलगा सरकारी नोकरीस लागला, तरी घर प्राधान्य यादीतच आहे. आपण म्हणतो, 'सरकारचेच तर आहे, कोणाचे काय गेले?' जाते ते कुण्या विधवेच्या तान्ह्या मुलाचे. तहसील कार्यालयातून 'इष्टांक शिल्लक नाही' एवढे उत्तर घेऊन ती परत येते. तिची जागा कोणी अडवली हे तिला कधी कळत नाही. अल्लाहला मात्र कळते.

सार्वजनिक मालमत्तेविषयी एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. खैबरच्या मोहिमेनंतर प्रेषितांचा (स.) एक सेवक बाण लागून मृत्यू पावला. लोक त्याला शहादतीबद्दल धन्य म्हणू लागले. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, वाटणी होण्यापूर्वी त्याने उचललेली चादर आग होऊन त्याच्यावर भडकत आहे. हे ऐकून एक माणूस धावत आला आणि चपलेचा एखाददुसरा बंद त्याने परत केला. ज्या दीनमध्ये चपलेच्या बंदाचाही हिशोब आहे, त्यात मृत पित्याच्या नावे दरमहा येणाऱ्या पाच किलोंचा हिशोब होणार नाही का? पित्यासाठी इसाले सवाब करावयाचा असेल तर त्याचे नाव यादीतून कमी करून दुसऱ्याच्या मुलाला जागा करून देणे, हेही सवाबाचेच काम आहे. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज द्यावा. लग्न झालेल्या लेकीचे नाव माहेरी कमी करून त्याचा दाखला घ्यावा आणि सासरच्या शिधापत्रिकेत ते लागेपर्यंत पाठपुरावा करावा. ज्यांना अल्लाहने बरकत दिली आहे, त्यांनी स्वतःहून लाभ सोडावा.

मापात पाप

हजरत शुऐब (अलै.) यांच्या कौमचा नाश ज्या अपराधांमुळे झाला, त्यांत मापातील घट हा एक होता. सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभीच, स्वतः घेताना भरून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्या लोकांना कठोर इशारा आहे. आपल्याकडेही 'मापात पाप' असे म्हणतात. जुलै 2018 मध्ये नांदेड जिल्ह्यातील नायगाव तालुक्यात कृष्णूर औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी शासकीय धान्याचे ट्रक पकडले, आणि गरिबांचे धान्य कोठे वळते याची चर्चा राज्यभर झाली. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. परंतु गावोगाव फिरून रेशनचा तांदूळ विकत घेणाऱ्या टेम्पोला आपल्याच दारातून पोती मिळत असतील, तर आपला प्रश्न न्यायालयाच्या आधी आपल्या अंतःकरणाशी आहे. हे धान्य घरात शिजावे या अटीवर मिळाले आहे, आणि करार पाळण्याचा आदेश सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे.

मशिदीने करावयाचे काम

कमी धान्य मिळाले, दुकान बंद राहिले, नाव विनाकारण कमी झाले, तर 1967 या क्रमांकावर किंवा तहसील कार्यालयात लेखी तक्रार करावी. ती शांतपणे, पावती जोडून आणि पोच घेऊन करावी. प्रत्येक दुकानासाठी दक्षता समितीची तरतूद कायद्यात आहे. तिच्यावर आपल्या गावातून कोण आहे, हे विचारून घ्यावे.

प्रत्येक मशिदीच्या कमिटीने महिन्यातील एका जुम्याला, नमाजनंतर, दोन सुशिक्षित तरुणांना अंगणात बसवावे. लोकांनी शिधापत्रिका व आधारकार्ड आणावे. तरुणांनी नावे जुळवून द्यावीत, अर्ज लिहून द्यावेत. ज्या भगिनी मशिदीत येत नाहीत, त्यांच्या घरी एखाद्या मुलीला पाठवावे. शेजारच्या दलित वस्तीतील आजी किंवा मराठा शेतकरी आला, तर त्याचाही अर्ज त्याच आपुलकीने लिहावा. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणारा खरा श्रद्धावंत नव्हे, या प्रेषितवचनात शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही.

सूरह माऊन आपण नमाजमध्ये नेहमी वाचतो. अनाथाला धक्के देणारा आणि गरिबाच्या अन्नासाठी कोणाला प्रवृत्त न करणारा, असे दीन नाकारणाऱ्याचे वर्णन तिच्यात आहे. या महिन्यात ती वाचाल तेव्हा कपाटातील शिधापत्रिका बाहेर काढा. तिच्यावरील प्रत्येक नाव वाचा. जे असायला हवे पण नाही, ते मिळवा. जे नसायला हवे पण आहे, ते कमी करा.

अल्लाह आपल्या सर्वांना हलाल रोजी देवो, आपला हक्क जाणून घेण्याची समज आणि दुसऱ्याचा हक्क राखण्याची ताकद देवो, आणि आपल्या गावांतील एकही मूल उपाशी झोपू न देवो. आमीन.