दैव की अंतर?

दिवाळीच्या फराळासमोर हा विषय काढू नये, हे मला कळते. पण घरात पोरेबाळे असतात, म्हणूनच काढतो.

एका संक्रांतीला जुन्या जालन्यात माझ्या वर्गातला मुलगा पतंगाच्या नादात गच्चीवरून पडला. इथून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर. मोठ्या रुग्णालयाकडे नेताना तो वाटेतच गेला. सारे म्हणाले, “दैव!” मीही मान डोलावली.

पुढे वाचनात आले, की २० किलो वजनाच्या मुलाच्या अंगात रक्त जेमतेम दीड लिटर असते. मोठ्या माणसाला सोसणारा रक्तस्राव त्याला सोसत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याची एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. जिथे मुलांसाठी खास तयारी होती, तिथे गंभीर जखमी मुले अधिक वाचली, असे तीत दिसले.

म्हणजे जखम तीच, दार निराळे. मुलांच्या मापाची नळी, औषधाची बेताची मात्रा, शिकलेले हात हे काही विधात्याने ठेवायचे नसते. ते आपण ठेवायचे असते. आपल्या हातचे राहून गेले, त्याला दैव म्हणणे ही पळवाट झाली.

यापुढे कुणी “दैव” म्हणाले, तर मी मान डोलावणार नाही. अंतर विचारीन.