चित्र उतरविणें ही चोरी काय?

शाळेंत दुसऱ्याच्या पाटीवरून उतरणाऱ्या मुलास आपण शिक्षा करितों. मग थोर चित्रकाराचें चित्र उतरवून शिकणाऱ्यास मोकळीक कां? आम्हांस वाटतें, भेद श्रमांत आहे. मुलगा उत्तर तेवढें घेतो. चित्र उतरविणाऱ्यास मात्र एकेक थर वाळेपर्यंत थांबावें लागतें (आमच्या वेंगुर्ल्याच्या पावसाळ्यांत तर फारच), आणि सावली कोठें व कां पडली हें स्वतःच शोधावें लागतें. खालीं मूळ चित्रकाराचें नांव लपविलें, तर ती चोरीच.

शेजारच्या गोमंतकांत १८७० सालीं जन्मलेले आंतोनियो शाविएर त्रिंदाद हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकले, व त्यांच्या तैलचित्रांमुळें त्यांस ‘पूर्वेचे रेम्ब्रांट’ म्हणूं लागले. पण रेम्ब्रांट तरी कोणापासून शिकला? वधस्तंभावरून प्रभूचें शव उतरवितांनाचें चित्र रूबेन्सनें १६१२ ते १६१४ मध्यें अँटवर्पच्या मुख्य मंदिरासाठीं काढिलें होतें. त्याची छापील प्रतिमा पाहून रेम्ब्रांटनें १६३३ च्या सुमारास तोच प्रसंग रंगविला. मांडणी पुष्कळशी रूबेन्सची. परंतु त्याचा देखणा, बलवान देह रेम्ब्रांटनें घेतला नाहीं. ह्याचें शव खरोखरच निर्जीव, जड आहे. आणि निळ्या वस्त्रांत, शिडीवर चढून प्रभूचा हात धरणाऱ्या मनुष्यास त्यानें आपला स्वतःचा चेहरा दिला आहे.