मागच्याचं ‘थांबा’

आजचं चिंतन : श्रवण.

हरिहर गडाच्या ट्रेकसाठी आम्ही मित्र वॉकीटॉकी निवडत होतो. खोक्यावर लिहिलेले किलोमीटर मोकळ्या मैदानातले. मध्ये डोंगराची सोंड आली की आवाज अडतो. शेवटी ४४६ मेगाहर्ट्झचे, विनापरवाना चालणारे दोनच सेट ठरले. मग खरा प्रश्न : द्यायचे कोणाला?

एक लीडरला. दुसरा, मला वाटतं, सर्वांत मागे राहणाऱ्याला. धाप त्यालाच लागते आणि हाक त्याचीच पोचत नाही.

पण बटण दाबून बोलताना सेटला ऐकू येत नाही. लीडर सूचनाच देत राहिला, तर मागच्याचं ‘थांबा’ हवेतच विरणार. म्हणून तर नवविधा भक्तीत श्रवण पहिलं, कीर्तन नंतर.

आज घरी कोणाचं ‘थांबा’ अडलंय? जरा बटण सोडून बघूया.

रामकृष्ण हरी.