पुलाचे काम संपल्यावर



वाचकहो, आपल्या सिंधुदुर्गात रेल्वे आली तीच मुळी १९९८च्या सुमारास. त्यामुळे गाडी यायची थांबली आणि नुसता पूल मागे उरला, असे दृश्य आपल्या मुलखात नाही. ते पाहायचे तर धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळ, रामलिंगाच्या घाटात जावे.

बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला सुरू झाली. १९०६मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, १९११मध्ये लातूरला. लातूरकडचे किती वारकरी हा घाट उतरून आषाढी-कार्तिकीला गेले, त्याची गणती नाही. पुढे रूळ रुंद झाले, मार्गाने धाराशिव शहराकडून नवे वळण घेतले आणि घाटातला जुना पूल तसाच राहिला.

अशा पुलाला लोक निकामी म्हणतात. हाच शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही लागतो. तोंडाने कोणी उच्चारत नाही, वागण्यातून तो कळतो. आपल्या मालवण-देवगडकडे मुलगे मुंबईला चाकरीत आणि घरी आईवडील दोघेच. मुलगे वाईट नाहीत. पैसे धाडतात, चतुर्थीला येतात. पण घरच्या एखाद्या गोष्टीत वडिलांचे मत विचारणे आता कमी झाले आहे. ज्याच्याकडून यापुढे काही मिळायचे नाही, त्याचे आपण काय देणे लागतो?

कोणी म्हणेल, उपकार फेडावेत. हे उत्तर अपुरे आहे. फेड म्हटली की हिशेब आला, आणि हिशेब कधीतरी मिटतो.

त्याच रामलिंगाला जटायूची समाधी दाखवतात. जटायूचा जमाखर्च मांडला तर सीता सुटली नाही आणि पंख मात्र गेले. तरी रामाने पुत्राने पित्याचे करावे तसे त्याचे उत्तरकार्य केले. यश आले की नाही, हे पाहिले नाही.

आता पुंडलिकाकडे पाहा. आईवडील थकलेले, त्यांच्याकडून मिळण्यासारखे काही उरले नव्हते. ज्याच्याकडून सगळेच मिळावे, तो देव दारात उभा. पुंडलिकाने त्याला वीट दिली आणि थांबायला सांगितले. देवही रागावला नाही, थांबला. थकलेल्यांची सेवा पुरी होईपर्यंत परब्रह्म तिष्ठत राहिले! माणसाचे मोल उपयोगावर ठरत असेल, तर त्या विटेवरच्या उभे राहण्याला अर्थ काय?

पूल आणि माणूस यांत एक फरक आहे. आपण निकामी झालो हे पुलाला कळत नाही, म्हाताऱ्याला रोज कळते. माझा गळा थकला, कीर्तन थांबले, तेव्हा हे मला ठाऊक आहे. आम्हा वृद्धांनीही केलेल्याची आठवण सारखी देऊ नये. पुलाने कधी उतारूंना अडवून आपले उपकार सांगितले नाहीत.

आणि तुम्ही, येत्या चतुर्थीला कुडाळला किंवा कणकवलीला उतरून घरी गेलात की आईवडिलांजवळ काही काम नसताना बसा. ती पुंडलिकाची सेवा आहे. देव थांबेल.