समुद्राच्या हातून प्रायश्चित्त

समुद्राच्या वरच्या शे-दोनशे मीटर पाण्यात जे काही जगते आणि मरते, त्याचा उरलासुरला भाग खाली पडत राहतो. मेलेले वनस्पतिप्लवक, कोपेपॉडसारख्या इवल्या प्राण्यांची विष्ठा, बुळबुळीत स्राव आणि धूळ एकमेकांना चिकटून पांढुरके पुंजके बनतात आणि सावकाश अंधारात उतरतात. जपानी संशोधकांनी १९५०च्या दशकात त्यांना ‘मरीन स्नो’ म्हटले. आपण सागरी हिम म्हणू. प्लवकांनी प्रकाशसंश्लेषणात बांधलेला कार्बन या हिमाबरोबर खाली जातो. वरच्या थरातून दरवर्षी अंदाजे ५ ते १२ अब्ज टन कार्बन असा निसटतो. त्यातला बहुतेक वाटेतच जिवाणू आणि प्राणी फस्त करतात. तळाच्या गाळात कायमचा गाडला जाणारा वाटा अगदीच थोडा. तरीही ही व्यवस्था नसती, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्याहून दशलक्षात दीडशे-दोनशे भागांनी जास्त असता. मग या वर्षावात माणसाने मुद्दाम भर घातली, तर त्याने ओकलेल्या धुराचे प्रायश्चित्त होईल का? हा प्रश्न रसायनशास्त्राच्या हद्दीत जन्मला, पण त्याचा निकाल तिथे लागत नाही.

भर घालण्याचा मार्ग लोहाचा. दक्षिण महासागरात इतर पोषक द्रव्ये मुबलक, पण लोह नाही, म्हणून प्लवक वाढत नाहीत, असे अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८०च्या दशकात मांडले. अर्धे जहाज लोह मिळाले तर हिमयुग आणून दाखवतो, अशी त्यांची गमतीची फुशारकी प्रसिद्ध आहे. पुढच्या प्रयोगांनी त्यांचे निम्मे म्हणणे खरे ठरवले: लोह टाकले की पाणी हिरवे होते. २००४ मधील आयफेक्स प्रयोगात सिलिकाचे कवच असलेले डायटम माजले आणि त्या बहराचा निदान निम्मा भाग हजार मीटरखाली गेला. २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून लोहाफेक्स केला. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळले. मात्र तिथले सिलिका आधीच संपले होते, त्यामुळे डायटम वाढू शकले नाहीत. जे इतर प्लवक वाढले ते कोपेपॉडांनी खाल्ले, कोपेपॉडांना मोठ्या कवचधारी प्राण्यांनी खाल्ले, आणि खोलवर फारसे काही पोचलेच नाही. माझ्या मते या मालिकेतला हा सर्वांत बोधप्रद प्रयोग. समुद्राला स्वतःची भूक आहे. आपण दिलेले त्याने आपल्या हिशेबाप्रमाणे खर्चावे, असे कोणतेही बंधन त्याच्यावर नाही.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचा जो ऊहापोह केला आहे, तो इथे कामी येतो. (त्या ग्रंथांतली वर्णभेदी दंडव्यवस्था स्वीकारण्याचा प्रश्नच नाही; त्यांतला विचार तेवढा घ्यायचा.) दोषी माणसाने विद्वानांच्या पर्षदेपुढे पाप न लपवता सांगायचे, मग ती व्रत ठरवणार. आणि पश्चात्तापाने पाप सुटते, पण शुद्धी होते ती पुन्हा तसे न करण्याच्या निवृत्तीने, असे मनुस्मृतीचा अकरावा अध्याय सांगतो. यावर जाणकार लगेच बोट ठेवील की, याच शास्त्राने प्रत्याम्नाय, म्हणजे पर्यायही दिले. खडतर कृच्छ्र व्रत झेपत नसेल तर गाय द्या, गाय नसेल तर तिचे मोल द्या. मग कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे शोषलेल्या कार्बनची विकत घेतलेली पावती, हे आजचे गोप्रदानच नव्हे का? आक्षेप वजनदार आहे, आणि ज्याच्याजवळ पैसा त्याचे पाप स्वस्त, हा त्याच्या पोटातला कडवटपणाही खरा आहे. पण पर्याय कशाला दिला होता, ते पाहावे. तो देहदंडाला होता. निवृत्तीलाच पर्याय मिळाला, तर गाय देऊन उद्या तेच पाप करायला माणूस मोकळा. मग ते प्रायश्चित्त न राहता परवाना होतो. उत्सर्जन चालू ठेवण्यासाठी विकत घेतलेला समुद्रातला कार्बन नेमका या जागी येतो.

याहून कठीण आक्षेप व्यवहारी माणसाचा. रेणूला पश्चात्ताप कळत नाही. कोणत्याही हेतूने का होईना, हवेतून कार्बन गेला तर हवा तेवढी निवळेलच. शिवाय निसर्ग तरी वेगळे काय करतो? वारे वाळवंटातली लोहयुक्त धूळ समुद्रावर टाकतातच. अरबी समुद्रात खोलवर टांगलेल्या, वरून पडणारे कण गोळा करणाऱ्या सापळ्यांनी १९८०च्या दशकात दाखवले की, नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत हा हिमवर्षाव वाढतो. हे सगळे मान्य. पण वारा लोह टाकून कुणाला पावती देत नाही. माणूस देतो, आणि त्या पावतीच्या बळावर दुसरीकडे तेवढाच धूर सोडला जातो. हेतूचा प्रश्न असा हिशेबातच उतरतो: गेलेला आणि आलेला कार्बन सारखा असेल, तर हवा होती तिथेच राहिली, आणि गेलेला कार्बन मोजताना चूक झाली असेल, तर आणखी बिघडली. लोहाफेक्ससारख्या निकालानंतर ती चूक होणार नाही, असे छातीठोक कोण सांगेल?

शिवाय खोल गेलेला कार्बन नष्ट होत नाही. जिवाणू त्याचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड करतात, आणि ते पाणी काही शतकांनी, फार तर हजारेक वर्षांनी वर येते. म्हणजे ही मुदत ठेव आहे, आणि मुदत संपल्यावर जे ती भोगतील त्यांची संमती कुणी घेतलेली नाही. यावरून संशोधनच थांबवावे, असे मात्र मला वाटत नाही. हवेत आधीच साठलेला कार्बन केवळ निवृत्तीने उतरणार नाही. उत्सर्जन थांबवलेल्या जगाला उद्या समुद्राची मदत मागावी लागेल, आणि तेव्हा ती मागणे अधर्म ठरणार नाही. आक्षेप विक्रीला आहे. २०१२ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर सुमारे १०० टन लोहयुक्त द्रव्य टाकले गेले, तेव्हा सॅमन वाढवण्याबरोबर क्रेडिट विकण्याचाही बेत होता. समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्यावर बंधने घालणाऱ्या लंडन कराराच्या देशांनी २०१० मध्ये नियमावली केली, तीत अशा प्रयोगातून थेट आर्थिक लाभ होता कामा नये, अशी अट आहे. २०१३ मध्ये त्यांनी संशोधनाखेरीज समुद्रात लोह टाकण्यास मनाई करणारी दुरुस्तीही मंजूर केली. पुरेशा देशांनी मान्यता न दिल्याने ती वर्षानुवर्षे कागदावरच राहिली.