स्टेकच्या डाव्या बाजूला काय वाढलंत?

तृतीय वर्षाच्या मुलामुलींनो, तुमच्या मेन्यूच्या वह्या तपासून झाल्या. एकाही वहीवर मी सही केलेली नाही.

प्रश्न काय होता ते पुन्हा वाचा. जुलै महिना, न्यू जर्सीतल्या एका घराचं मागचं अंगण, दहा माणसं, कोळशाची ग्रिल, रिबआय स्टेक आणि रांधणारा माणूस एकटा. सोबतीला तीन सोपे पदार्थ सुचवा. ‘सोपे’ या शब्दाखाली मी रेघ ओढली होती, ‘जुलै’खालीही ओढली होती. आणि तुम्ही लिहिलंत काय? मॅश्ड पोटॅटो, मॅकरोनी अँड चीज, क्रीम्ड स्पिनॅच. कुणी ॲस्परॅगसवर हॉलंडेझ ओतलं, कुणी स्टेकवर आणखी मशरूम सॉस. तीन पदार्थ, तिन्हींत लोणी नाहीतर साय, तिन्ही गरम आणि तिन्ही आयत्या वेळी करायचे. बाहेर उन्हाळा आहे हे ज्यावरून कळेल असं एक अक्षर बहुतेक वह्यांत नाही. हा मेन्यू डिसेंबरमध्ये बंद खोलीत वाढला असतात तरी चाललं असतं. मग मी महिना लिहून दिला कशासाठी?

याला मी पाट्या टाकणं म्हणते. ‘स्टेकबरोबर काय’ असं विचारलं की पाठ केलेली यादी उतरवायची. कोणता स्टेक, कुठला ऋतू, हात किती, याचा विचारच नाही. तुमच्यातले काहीजण पुढच्या वर्षी ट्रेनिंगला अमेरिकेत जाणार आहात. तिथे कुणी तुमची घोकंपट्टी ऐकणार नाही. ताट समोर ठेवलं की कळेल तुम्हाला काय येतं ते.

चूक कुठून आली ते मला दिसतंय, आणि तेवढ्यापुरता दोष आपल्या किचनचाही आहे. तुम्ही स्टेक शिकलात तो म्हशीच्या अंडरकटवर. गोहत्येवर महाराष्ट्रात 1976च्या कायद्याने बंदी होतीच, 2015मध्ये बैल आणि वळूही त्यात आले, त्यामुळे आपल्याकडे म्हशीचंच मांस येतं. अंडरकट म्हणजे जनावराच्या पाठीकडचा, फारसं काम न पडणारा भाग. मऊ असतो पण चरबी नावाला, त्यात म्हशीचं मांस मुळातच कमी चरबीचं. तो कोरडा पडू नये म्हणून आपण पेपर सॉस करतो, वर लोण्याचा गोळा ठेवतो, शेजारी मऊ मॅश देतो. तिथे ते बरोबर आहे. रिबआय मात्र बरगड्यांजवळचा तुकडा. कापला की मांसाच्या धाग्यांमधून पांढऱ्या चरबीच्या बारीक रेषा धावताना दिसतात. अमेरिकेत प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशी प्रत ठरवतात ती मुख्यतः या रेषा पाहूनच. विस्तवावर ही चरबी वितळते आणि मांस आतून भिजवते. तिसऱ्या घासाला जिभेवर तुपकट थर बसलेला असतो. त्यावर तुम्ही साय घातलेला पालक वाढताय! खाणाऱ्याला चौथा घास घ्यावासा का वाटेल, हे एकानेही स्वतःला विचारलेलं नाही.

तुम्ही सगळे मराठी घरांत वाढलात. ताटाची डावी बाजू तुम्हाला कुणी शिकवायला हवी होती का? मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. डावीकडचं पोट भरायला नसतं. पुरणपोळीवर तूप ओतलेलं असताना कटाची आमटी आणि लिंबाची फोड का लागते हे तुमच्या जिभेला ठाऊक आहे, मग वहीत लिहिताना ती जीभ कुठे जाते? रिबआयच्या ताटातही निदान दोन पदार्थ डावीकडचं काम करणारे हवेत. आंबट, करकरीत, पाणीदार, गार. तिसरा खुशाल बटाट्याचा नाहीतर पावाचा असू दे, रस टिपायला काहीतरी लागतंच.

जिथे पिढ्यान्‌पिढ्या गोमांस विस्तवावर भाजतात त्या ठिकाणची ताटं बघा. कॅलिफोर्नियातल्या सांता मारिया खोऱ्यात रेड ओकच्या लाकडावर ट्राय-टिप भाजतात. सोबत काय? पिंकीटो नावाच्या छोट्या घेवड्याची उसळ म्हणता येईल अशी बीन्स, टोमॅटोचा ताजा साल्सा, हिरवं सॅलड आणि लोणी लावून भाजलेला पाव. बीन्स आधीच शिजलेल्या, साल्सा कालवून ठेवलेला. लाकूड पेटलं की रांधणाऱ्याला दुसरं काही करायचं उरत नाही. अर्जेंटिनात जा. तिथल्या पारिजाशेजारी, म्हणजे ग्रिलशेजारी, लेट्यूस, टोमॅटो आणि कांद्याचं साधं सॅलड असतं, वर तेल आणि व्हिनेगर. मांसावर घालायला पार्सली, लसूण, ओरेगानो आणि व्हिनेगरची चिमिचुरी. आंबट आणि हिरवी. सायीचा थेंब नाही.

आता कुणीतरी हात वर करून म्हणेल, मॅडम, न्यूयॉर्कच्या स्टेकहाउसमध्ये क्रीम्ड स्पिनॅच देतात. देतात. ब्रुकलिनच्या पीटर लूगरमध्येही मिळतं, आणि ती जागा 1887पासूनची आहे. पण त्याच कार्डावर टोमॅटो आणि कांद्याच्या जाड चकत्यांची एक थाळीही आहे आणि ती तिथे लोकप्रिय आहे. तुम्ही पालक उचललात आणि टोमॅटो सोडलात. शिवाय तिथे भटारखान्यात माणसं आहेत, प्रत्येक चुलीवर वेगळा हात आहे. माझ्या प्रश्नात माणूस एकटा होता.

टोमॅटोवर थोडं थांबते, कारण जुलैतली न्यू जर्सी म्हणजेच टोमॅटो. रटगर्स विद्यापीठाने 1934मध्ये काढलेलं वाण त्याच राज्याचं, आणि ‘जर्सी टोमॅटो’ म्हटलं की तिथल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याच्या टेबलावर तो मिळतो. तो आणा आणि फ्रिजमध्ये टाकू नका. साधारण 12 अंशांच्या खाली गेला की ज्या द्रव्यांनी टोमॅटोला वास येतो ती बनणं मंदावतं, आणि नंतर बाहेर काढून ठेवला तरी ती पुरती परत येत नाहीत. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016मध्ये हे जनुकांपर्यंत जाऊन दाखवलं. वहीत ज्यांनी ‘चिल्ड टोमॅटो’ लिहिलंय त्यांनी हे दोनदा वाचा. चकती बोटाच्या जाडीची कापा. पसरट ताटात एकेरी मांडा, एकावर एक रचू नका. खडे मीठ घाला आणि दहा मिनिटं हात लावू नका. चकतीच्या कडेने पाणी सुटायला लागेल, ते टाकायचं नाही. त्यातच चमचाभर व्हिनेगर आणि थोडं ऑलिव्ह तेल घालायचं. कांदा कागदासारखा पातळ, गार पाण्यात घालून उग्रपणा काढलेला. झालं. चूल नाही, पातेलं नाही. स्टेकचा कापलेला तुकडा त्या पाण्यात बुडवून खाल तेव्हा मशरूम सॉसची आठवणही होणार नाही.

आता घड्याळ. ते एकाही वहीत नाही आणि मला सर्वांत जास्त राग त्याचाच आला. कोळसा पेटून वर राखेचा पांढरा थर यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. सव्वा इंच जाडीचा रिबआय तापलेल्या कोळशावर एका बाजूने चार-पाच मिनिटं, मग दुसऱ्या बाजूने तेवढीच. थर्मामीटरवर 55 अंशांच्या आसपास मीडियम-रेअर. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस 63 अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विश्रांती. या दोन आकड्यांमध्ये दोन-तीन मिनिटांचंच अंतर असतं. त्याच वेळी चरबी निखाऱ्यावर गळते, भडका उठतो, तुकडा बाजूला सरकवावा लागतो. आणि हॉलंडेझवाले, नेमक्या त्या वेळी तुम्ही आत ओट्यापाशी अंड्याचा बलक घोटत असणार! बलक 65 अंशांच्या पुढे गेला की गाठी होणार, तुम्ही तो सोडून बाहेर धावणार आणि बाहेर दहा माणसांच्या स्टेकचं चामडं झालेलं असणार. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच. मॅश केलात तर तो गार होऊन घट्ट बसेल, परत घोटलात तर चिकट खळ होईल. मॅकरोनी अर्ध्या तासात सॉस शोषून विटेसारखी होते. यातलं काही तुम्हाला ठाऊक नाही असं नाही. दुसऱ्या वर्षी हे सगळं तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवलंय, मी शेजारी उभी होते. तरीही लिहिलंत.

बटाटा हवाच असेल तर पोटॅटो सॅलड करा. आदल्या रात्री, नाहीतर सकाळी. बटाटा निवडताना डोकं वापरा. रसेट पिठूळ असतो, उकडला की फुटतो. तो भाजायला आणि तळायला. सॅलडला लाल सालीचा चिकट बटाटा किंवा यूकॉन गोल्ड, जो फोड धरून राहतो. गार पाण्यात भरपूर मीठ घालून चढवा. उकळत्या पाण्यात टाकलात तर बाहेरून गळतो आणि आतून कच्चा राहतो. पाणी निथळलं की गरम असतानाच व्हिनेगर शिंपडा. गरम बटाटा ते पिऊन घेतो, गार बटाट्याच्या फक्त अंगावर राहतं. ही एक गोष्ट केलीत तर सॅलडला आतून चव येते. मेयोनेज घालायचं तर पूर्ण गार झाल्यावर, आणि पातळसर. किंवा घालूच नका. जर्मन पद्धतीने व्हिनेगर, मोहरीची पेस्ट आणि कांदा पुरे, रिबआयशेजारी मला तेच जास्त बरोबर वाटतं.

कणसं जुलैत उत्तम मिळतात. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, म्हणून त्याच दिवशी आणा. हल्लीची वाणं गोडी जास्त टिकवतात, तरी आळस नको. स्टेकच्या आधी ग्रिलवर भाजून बाजूला ठेवा. लिंबू, मीठ, तिखट तुम्हाला मी सांगायला नको. ॲस्परॅगस वसंतातला. जुलैत तो दुकानात दिसतो म्हणून ताटात घालू नका. झुकिनी त्या दिवसांत अक्षरशः उतू जाते, लांब जाड कापून कणसांबरोबरच भाजा.

एक वही मी बराच वेळ हातात धरून बसले होते. त्यात पहिल्या ओळीला ‘काकडीची कोशिंबीर’ लिहून खोडलंय आणि वर ‘मॅक अँड चीज’ लिहिलंय. खोडलंत का? दहा वह्यांत मिळून ते एकच बरोबर उत्तर होतं. काकडी चोचवायची, मीठ लावून पाणी दाबून काढायचं, लिंबू, हिरवी मिरची, थोडं जिरं. स्टेकजवळ दाण्याचं कूट आणि तुपाची फोडणी नको, कारण स्निग्ध आधीच पुष्कळ आहे. एवढा फरक करायला जो विचार लागतो तोच मला तुमच्याकडून हवा होता. देशीपणा मिरवा असं मी म्हणत नाही. स्टेकवर कोथिंबीर भुरभुरून फ्यूजन म्हणणाऱ्यांनाही मी मार्क दिलेले नाहीत. पण जे घरच्या ताटात वर्षानुवर्षं चाखलंत ते इंग्रजी नावाच्या पदार्थापुढे कमी वाटून खोडणं, हे मला सहन होत नाही. ज्या कुणाची ती वही आहे, तू मला येऊन भेट. रागवायला बोलवत नाहीये. ते उत्तर कसं सुचलं, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

आणि सुरक्षितता. ती मेन्यूच्या बाहेरची गोष्ट आहे असं तुम्हाला कोण म्हणालं? 4 ते 60 अंशांच्या मधे अन्न दोन तासांहून जास्त राहता कामा नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. जुलैच्या दुपारी न्यू जर्सीत पारा सहज तिथे जातो. पोटॅटो सॅलडचं भांडं बर्फाने भरलेल्या मोठ्या थाळ्यात ठेवा आणि अर्धंच बाहेर आणा, अर्धं फ्रिजमध्ये. लोक मेयोनेजला दोष देतात. बाजारातलं मेयोनेज चांगलं आंबट असतं, बिघडतो तो बहुधा उघड्यावर तापत राहिलेला बटाटा. कच्च्या मांसाचा चिमटा आणि ताट वेगळं, शिजलेल्याचं वेगळं. दहापैकी तीन वह्यांत एकच ट्रे लिहिलाय. पाहुण्याला तुमच्या हातून बाधलं तर सॅलडचं कौतुक कोण करणार?

सोमवारी सकाळी नऊ वाजता नव्या वह्या माझ्या टेबलावर हव्यात. तीनच पदार्थ. प्रत्येकापुढे तो कधी करायचा ती वेळ लिहा: आदल्या रात्री, सकाळी, की कोळसा पेटवल्यावर. कोळसा पांढरा झाल्यानंतर एकही पदार्थ चुलीवर असता कामा नये. प्रत्येकापुढे एका ओळीत तो रिबआयशेजारी का आहे ते लिहा, आणि ‘छान लागतो’ हे कारण मी धरणार नाही. बुधवारी त्याच वह्यांवरून प्रॅक्टिकल होईल. अंडरकटला रिबआयची चरबी नसते हे मला माहीत आहे, म्हणून त्या दिवशी चरबी असलेला तुकडा मागवलाय. जे मांस खात नाहीत त्यांनी चाखायची सक्ती नाही, पण सॅलड, कणीस आणि कोशिंबीर त्यांनीही करायची आहे आणि चाखून सांगायचं आहे. टोमॅटो मी स्वतः आणते. ते फ्रिजमध्ये ठेवलेले दिसले तर ठेवणाऱ्याला मी त्या दिवशी ग्रिलजवळ उभं करणार नाही.