विट्याची दोरी

ही गोष्ट 1844 सालची. म्हातारा, त्याचा नातू आणि कारकून हे तिघे कल्पनेतले, बाकीचं घडलेलं.

म्हातारा कोडोलीचा. घर गावात, नोकरी पन्हाळ्यावर. जोतिबाच्या डोंगराकडं तोंड करून चालायला लागायचं, डोंगर मागं टाकायचा आणि पाळीच्या दिवशी तटावर हजर व्हायचं. बाप तेच करत होता, आजाही तेच. त्याबद्दल गडाकडून जमिनीचा एक तुकडा वंशपरंपरेनं चालत आलेला. रोख पगार असा नव्हताच. गडकऱ्यांची रीत सगळीकडं हीच होती: पेरणीला शेतात, पाळीला तटावर.

शिकवणीही घरचीच. पहाटे परड्यात म्हातारा नातवाला उभा करायचा. आधी नुसता पवित्रा. पाय नीट पडेपर्यंत हातात काही द्यायचं नाही, मग लाठी, मग फरी-गदका. पट्टा भिंतीवर टांगलेला. त्याच्याकडं बघितलं तरी म्हातारा डोळे वटारायचा. पोराला आवडायचा तो विटा. आखूड भाला, मागं लांब दोरी आणि दोरीचं टोक मनगटाला बांधलेलं. फेकायचा, लागला की हिसक्यानं परत हातात घ्यायचा.

“आबा, आता लढाई कुठं हाय? कशाला रोज रोज?”

“लढाई आल्यावर शिकणार हाईस व्हय रं? उचल विटा. आन् फेकण्याचं कवतिक सांगू नगंस, फेकतं कुनीबी. वढून दाखीव.”

त्याच सुमारास कोल्हापूरच्या कारभारात मोठी उलथापालथ चालली होती. छत्रपती अजून लहान. कंपनी सरकारनं दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलेलं. पंडित हिशोबाला कडक, आणि खरं सांगायचं तर संस्थानाच्या हिशोबाला कडक माणूस हवाच होता. कर्ज आणि अंदाधुंदी दोन्ही माजली होती. पण कात्री गडकऱ्यांपर्यंत पोहोचली. त्यांच्या जमिनींची व्यवस्था गडाच्या अंमलदारांकडून काढून मामलेदारांकडं द्यायचं ठरलं.

कोडोलीत कारकून आला तो दप्तर घेऊनच. माणूस वाईट नव्हता. म्हाताऱ्यानं दिलेलं ताक प्याला, बांधावर बसून विचारपूस करू लागला.

“जमीन किती?”

म्हाताऱ्यानं सांगितलं.

“बदल्यात काम काय?”

“गड राखतो.”

“ते झालं. पण काम काय करता? गेल्या वर्षी काय केलंत?”

“गड राखला, रावसाहेब.”

कारकुनाची लेखणी थांबली. जमिनीचा रकाना होता, तिच्या उत्पन्नाचा होता. रात्रभर बुरुजावर उभं राहून काहीच घडू न देण्याचा रकाना दप्तरात नव्हता. त्यानं तिथं रेघ ओढली.

म्हाताऱ्यानं नातवाला हाक मारली. “ह्यांस्नी विटा दाव.”

पोरानं विटा फेकला. तो समोरच्या बाभळीत रुतला आणि एका हिसक्यात परत हातात आला.

“वा!” कारकून म्हणाला.

म्हातारा उठला, कोयत्यानं दोरी कापली. “आता फेक.”

विटा पुन्हा बाभळीत रुतला. या खेपेला तिथंच राहिला.

“रावसाहेब, आता जाऊन जो उपसंल त्यो त्याचा. ही जमीन म्हंजी आमची दोरी. तुमी नुसती दोरी मोजताय.”

कारकून हसला. दप्तर आवरता आवरता म्हणाला, “तुमचं म्हणणं वर कळवतो.” कळवलं की नाही, देव जाणे. कळवलं असतं तरी ते बसवायला रकाना कुठं होता?

त्या जुलैत सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे आतून लावून घेतले. पाठोपाठ भुदरगड उठला. बेळगावहून कंपनीची फौज निघाली. 13 ऑक्टोबरला सामानगड पडला, तरी बंड विझलं नाही; साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यांनाच धरून पन्हाळ्यावर कोंडण्यात आलं. ज्यांनी गड राखायचा, तेच आता सरकारच्या विरुद्ध तो राखत होते. आपला नातू आतल्या बाजूला, तटावर. म्हातारा कोडोलीतच, गुडघ्यांनी घात केलेला.

राखणारेच सरकारविरुद्ध उभे राहिल्याची अशीच एक हकीकत अमेरिकेतली. तिकडच्या इंग्रजांच्या वसाहतींतही गावोगावच्या शेतकऱ्यानं स्वतःची बंदूक घरात ठेवायची, ठरल्या दिवशी गावच्या मैदानात कवायतीला यायचं, न आल्यास दंड भरायचा, असा कायदाच होता. कवायतीपेक्षा त्या दिवशी पिणंच जास्त व्हायचं, अशी तक्रारही असे. या लोकांनी इंग्रजांच्या बाजूनं फ्रेंचांशी लढाया केल्या होत्या. पण 19 एप्रिल 1775 रोजी इंग्रजांची पलटण काँकर्डला साठवलेला दारूगोळा आणि हत्यारं जप्त करायला निघाली, तेव्हा लेक्झिंग्टनच्या मैदानात हेच शेतकरी तिच्यासमोर उभे राहिले. तिथंही सरकारी हिशोब चोख होता, पण राखणाऱ्यांचा रकाना त्यातही नव्हता.

1 डिसेंबर 1844 ला तोफांनी पन्हाळ्याच्या तटाला खिंडार पाडलं. त्याच दिवशी पावनगडही गेला. तोफेपुढं विटा किती चालणार? नातू परत आला की नाही, हे गोष्टीत नाही. म्हाताऱ्यानं पुढं परड्यात कुणाला उभं केलं नाही, एवढं मात्र आहे.

नंतर किल्ले पाडून निकामी करण्याचा हुकूम निघाला. गडकऱ्यांची वंशपरंपरेची नोकरी बंद झाली आणि तिच्या जागी पगारी पलटण उभी राहिली. खर्च वाचवायला निघालेल्या कारभारानं हे बंड ओढवून घेतलं, आणि ते मोडायला कंपनीला आलेला खर्च कोल्हापूर संस्थानाच्याच नावे पडला.